एका झाकणाआडची दोन यंत्रे

मोटारसायकलच्या इंजिनात ज्या अवयवांची मालकाला रोज आठवण होते त्यांत किकचा क्रमांक पहिला लागतो, आणि ज्यांची आठवण सहसा होतच नाही त्यांत तेलाच्या पंपाचा. किक बिघडली की ती लपून राहत नाही. ती निसटते, कुरकुरते, खाली गेली की वर येत नाही. पंप बिघडला तर मात्र कसलाही आवाज होत नाही. जे थेंब पोहोचायला हवेत ते पोहोचत नाहीत, एवढेच घडते. आणि त्याचा परिणाम कळतो तेव्हा उपायाची वेळ बहुधा टळून गेलेली असते. गंमत अशी की अनेक लहान इंजिनांत ही दोन यंत्रे एकाच झाकणाच्या आश्रयाला असतात. त्यामुळे एकीची दुरुस्ती करताना दुसरीला धक्का लागतोच. त्यानंतर काय होते, हे सगळे दुरुस्ती करणाराला त्या दुसरीची आठवण राहिली की नाही यावर ठरते.

उदाहरणादाखल यामाहा आर. एक्स. १०० ही गाडी घ्यावी. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने ती १९८५ साली भारतात आणली आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. इंजिन ९८ घन सेंटिमीटरचे, एकाच सिलिंडरचे, टू-स्ट्रोक. आज इतक्या वर्षांनंतरही देशाच्या निरनिराळ्या भागांत ती रस्त्यावर दिसते, आणि तिचा मालक तिच्याविषयी एखाद्या घरच्या माणसाविषयी बोलावे तसे बोलतो. परंतु जिचे उत्पादन थांबून इतका काळ लोटला त्या यंत्राच्या बाबतीत नुसत्या प्रेमाने भागत नाही. तिचा प्रत्येक अस्सल भाग आता दुर्मिळ होत चालला आहे. खराब झालेला सिलिंडर बोअर करून वापरता येतो हे खरे. पण प्रत्येक वेळी त्याची भिंत आतून थोडी झिजवावी लागते, आणि ठरावीक वेळा झिजवल्यावर तो सिलिंडर संपतो. म्हणून अशा गाडीत तेलाची हयगय म्हणजे मुद्दलातून केलेला खर्च होय.

टू-स्ट्रोक इंजिनाला तेल वेगळ्या रीतीने का द्यावे लागते, हे प्रथम पाहिले पाहिजे. चार धावांच्या इंजिनात खालच्या पेटीत तेल साठवलेले असते आणि तेच पुनःपुन्हा फिरवले जाते. टू-स्ट्रोक इंजिनाच्या या पेटीला, म्हणजे क्रँककेसला, दुसरेच काम असते. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आधी या पेटीत ओढले जाते, पिस्टन खाली येताना ते तेथे दाबले जाते आणि मग बाजूच्या मार्गाने सिलिंडरात शिरते. जेथून इंजिनाचा श्वास जातो तेथे तेलाचे तळे ठेवता येत नाही. तेव्हा तेल हे श्वासाबरोबरच आत सोडावे लागते. क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोके आणि पिस्टनच्या बाजू यांना ओलावा देऊन ते जळून बाहेर पडते. एकदा गेलेले तेल परत येत नाही. मिनिटाला ६००० फेऱ्यांची गती असेल तर पिस्टन सेकंदाला १०० वेळा खालीवर होतो आणि प्रत्येक फेरीला स्फोट होतो. थोडा वेळ जरी तेलाचा पुरवठा तुटला तरी ते इंजिनाला सोसत नाही, याचे कारण हे आहे.

यावर जुना आणि साधा उपाय म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळणे. राजदूत १७५, जावा, येझदी या गाड्यांच्या मालकांनी आयुष्यभर तेच केले. पंचवीसास एक हे प्रमाण धरले तर एका लिटरला ४० मिलिलिटर तेल पडते. या रीतीत बिघडण्यासारखे काही नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु प्रमाण एकच राहते, हा तिचा दोष. गाडी सिग्नलपाशी उभी असो, सपाटीवर चाललेली असो की दोन माणसे घेऊन घाट चढत असो, पेट्रोलमागे तेल तेवढेच. चढावर यातून निभावते, कारण तेथे पेट्रोल भरपूर जाते व त्याबरोबर तेलही जाते. खरी अडचण उतारावर येते. लांबच्या उतारावर स्वार ॲक्सिलरेटर मिटवून गाडी गिअरमध्ये सोडतो. चाके इंजिनाला जोराने फिरवीत असतात, पण कार्बोरेटर जवळजवळ बंद असल्यामुळे पेट्रोल नाममात्र जाते आणि त्याबरोबर तेलही नाममात्र. फेऱ्या जास्त आणि तेल कमी, अशी ही विषम स्थिती असते. जुने जाणते स्वार घाट उतरताना मधूनमधून ॲक्सिलरेटर थोडा उघडीत, तो यासाठीच.

ही विषमता दूर करण्यासाठी यामाहाने १९६४ साली वाय. ए. ६ या आपल्या गाडीवर ‘ऑटोल्यूब’ नावाची व्यवस्था आणली. तिचेच तत्त्व पुढे आर. एक्स. १०० मध्ये आले. तेलाची टाकी वेगळी, आणि तेथून तेल ओढून इंजिनाला देणारा एक चिमुकला पंप. या पंपाला दोन धनी आहेत. पहिला धनी क्रँक. त्याच्या फिरण्यातूनच दातेरी चाकांच्या द्वारे पंप फिरतो. म्हणून फेऱ्या वाढल्या की पंपाचे ठोके वाढतात. दुसरा धनी स्वाराची मूठ. ॲक्सिलरेटरच्या तारेला फाटा फुटून एक तार कार्बोरेटरकडे जाते आणि दुसरी पंपाकडे. मूठ जितकी पिळावी तितका पंपातील दट्ट्याचा फेरा लांबतो आणि प्रत्येक ठोक्याला अधिक तेल बाहेर पडते. मूठ पूर्ण मिटली तरी दट्ट्याचा एक किमान फेरा शिल्लक राहतो. त्यामुळे घाटाच्या उतारावर, जेथे मिश्रणाचे पेट्रोल अपुरे पडते तेथे, हा पंप फेऱ्यांच्या हिशेबाने थेंब देतच राहतो.

इतकी विचारपूर्वक केलेली ही व्यवस्था असूनही अनेक आर. एक्स. गाड्यांवर आज पंप जागेवर आढळत नाही. तो काढून टाकलेला असतो, त्याच्या जागी पत्र्याची टिकली बसवलेली असते आणि मालक पेट्रोलमध्ये हाताने तेल मिसळीत असतो. याचे समर्थन करणाऱ्यांची बाजू सहज झटकून टाकण्यासारखी नाही. ते म्हणतात की पंप बंद पडला हे कळण्याचा मार्ग नाही, आणि कळते तेव्हा पिस्टन जाम झालेला असतो. धावत्या गाडीचा पिस्टन जाम झाला की मागचे चाक एकाएकी आवळले जाते. भर वेगात तसे झाले तर प्रश्न सिलिंडरचा राहत नाही, स्वाराच्या जिवाचा होतो. मिसळलेले तेल निदान डोळ्यांना दिसते, हाताने मोजता येते. हा युक्तिवाद भीतीतून आलेला असला तरी भीती निराधार नाही.

प्रश्न एवढाच की दोष पंपाचा असतो काय? या पंपाची रचना पाहिली तर तो सहजासहजी झिजणारा अवयव नव्हे. ज्या द्रवाची तो ने-आण करतो ते स्वतःच वंगण आहे. पंपावर येणारे आरोप बारकाईने तपासले तर त्यांतील कितीतरी दुसऱ्याच कोणाचे निघतात.

धुराचेच उदाहरण पाहावे. गाडी अतोनात धूर सोडू लागली की पंप जास्त तेल देतो असे निदान होते. पण क्रँकच्या उजव्या टोकाला एक रबरी ऑइल सील असते; तिच्या एका बाजूस क्रँककेस आणि दुसऱ्या बाजूस गिअरचे तेल. हे सील कडक होऊन फाटले की इंजिन श्वास घेताना गिअरचे तेल आत ओढते आणि जाळते. धूर दोन्हीकडून सारखाच दिसतो. खरा साक्षीदार तेलाची पातळी हा आहे. गिअरबॉक्समधील तेल घटत असेल तर अपराधी सील, टाकीतील तेल अवाजवी घटत असेल तर चौकशी पंपाची. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्या किकेलाच ढगासारखा धूर येत असेल आणि पुढे तो ओसरत असेल, तर पंपाच्या तोंडाशी असलेला छर्रा व त्यामागची बारीक स्प्रिंग पाहावी. उभ्या गाडीत टाकीचे तेल आपल्या वजनाने इंजिनात उतरू नये म्हणून तो छर्रा वाट अडवून बसलेला असतो. त्याखाली कचऱ्याचा कण अडकला तरी वाट उघडी राहते.

पिस्टन जाम होण्याचेही तसेच आहे. क्रँकच्या डाव्या टोकाला, मॅग्नेटोच्या मागे, दुसरे सील असते. ते गेले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण कमी होते, इंजिन तापते आणि पिस्टन धरतो. तेल व्यवस्थित पोहोचत असतानाही हे घडू शकते. अशा वेळी पंप काढून टाकला तर रोग तसाच राहतो आणि निरपराध नोकर मात्र बडतर्फ होतो.

पण पंपावरचा सर्वांत मोठा आघात वेगळाच आहे, आणि तो किकच्या दुरुस्तीतून होतो. आर. एक्स. च्या इंजिनाच्या उजव्या अंगाला जे मोठे झाकण आहे त्याच्या आत क्लच व किकची यंत्रणा असते, आणि पंप त्याच झाकणावर बसवलेला असतो. किकची क्लिप बदलायची तर हे झाकण उतरवावे लागते. झाकण उतरवायचे तर बहुधा पंपाच्या तेलाच्या नळ्या आणि तार सोडवावी लागते. नळी सुटली की तीत हवा शिरते. असे समजा की एखाद्या शिक्षकाने शनिवारी किक दुरुस्त करून घेतली. क्लिप नवी बसली, झाकण बसले, नळ्या जोडल्या, गाडी पहिल्या किकेला सुरू झाली. टाकीत तेल भरलेले आहे, गळती नाही, आवाज गोड आहे. पण पंपाच्या आत आणि पुढच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला आहे. दट्ट्या तो बुडबुडा दाबतो आणि सोडतो. तेल पुढे सरकत नाही. सोमवारी शाळेच्या वाटेवर पिस्टन धरतो. मग सगळे म्हणतात, पंपाने दगा दिला. वस्तुतः पंपाला दगा शनिवारीच दिलेला होता.

तेव्हा झाकण उघडण्याचे काम दोन्ही यंत्रांची सेवा म्हणूनच हाती घ्यावे. प्रथम गाडी धुऊन झाकणाभोवतीची माती काढावी, कारण तेलाच्या नळीत गेलेला वाळूचा कण हा छर्र्याचा शत्रू आहे. गिअरचे तेल गरम असताना सोडावे, म्हणजे तळाचा गाळही बरोबर निघतो. तेलाच्या टाकीकडून येणारी नळी सोडताच तिचे तोंड खुंटीने बंद करावे. झाकणाचे स्क्रू कमीजास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी खोचून ठेवण्याची जुन्या मिस्त्र्यांची पद्धत फार शहाणपणाची आहे. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. झाकण निघत नसेल तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये. तेथे पडलेला ओरखडा पुढे कायमचा गळत राहतो. लाकडी किंवा रबरी हातोडीने हलके ठोकावे.

झाकण निघाल्यावर किकची रचना दिसते. या गाडीत किकचे दातेरी चाक नेहमी गुंतलेले नसते. ते किकच्या दांड्यावरील तिरप्या आट्यांवर बसवलेले असते आणि एका वळणदार तारेच्या क्लिपने त्याला हलकेसे धरून ठेवलेले असते. पायाने दांडा फिरवला की क्लिपच्या धरणीमुळे ते चाक लगेच फिरत नाही; आट्यांवरून बाजूला सरकते, शेजारच्या मधल्या चाकात गुंतते आणि मग क्लचच्या बाहेरच्या पेटीमार्फत क्रँकला फिरवते. इंजिन सुरू होताच ते आपोआप मागे सरते. ही गती क्लचच्या पट्ट्यांतून जात नाही, म्हणून क्लच दाबून कोणत्याही गिअरमध्ये किक मारता येते. याउलट जुन्या बुलेटसारख्या गाडीत किकचा जोर क्लचमधूनच जातो. तेथे किक निसटली तर क्लचवरही संशय घ्यावा लागतो. येथे तसे नाही. येथे किक निसटत असेल तर क्लिप सैल झाली आहे किंवा चाकाचे दाते अथवा आटे झिजले आहेत.

सैल झालेली क्लिप पकडीने वाकवून ताठ करण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळावा. अशी क्लिप थोडे दिवस घट्ट धरते आणि पुन्हा सैल पडते, किंवा गरजेपेक्षा अधिक घट्ट होऊन चाकाला मागे सरू देत नाही. नवी क्लिप स्वस्त असते. तिच्यासाठी पुन्हा झाकण उघडणे महाग पडते. दात्यांच्या कडा बोथट होऊन गोलावल्या असतील तर दोन्ही चाके एकत्र बदलावीत, कारण नवे चाक जुन्या चाकाशी फार काळ नांदत नाही. परतीची स्प्रिंग तडकलेली नाही ना हे पाहावे, आणि ती बसवताना तिला ठरलेला पीळ द्यावा. दांडा झाकणातून बाहेर येतो तेथील ऑइल सील या वेळी बदलून घ्यावे. बाहेरचा किकचा पाय ज्या बारीक खाचांवर बसतो त्यांचा शत्रू म्हणजे सैल बोल्ट. बोल्ट ढिला ठेवून महिनाभर किक मारली तरी खाचा गुळगुळीत होऊ शकतात, आणि मग पाय वेल्डिंग करून दांड्याला कायमचा चिकटवण्याची पाळी येते. तसे केलेले झाकण पुढच्या वेळी उघडणार कसे, याचा विचार त्या क्षणी कोणी करीत नाही.

आता पंप. तो कारखान्यात जुळवलेला असतो, त्याचे पोट फाडून पाहू नये. बाहेरून स्वच्छ करावा. चालक चाकाचे दाते तपासावेत. नळ्या कडक, पिवळ्या वा चिरलेल्या असतील तर बदलाव्यात. जोडावरचे वायसर नवे घालावेत. जेथून तेल बाहेर झिरपू शकते तेथून हवा आतही शिरू शकते. झाकणाचे जुने पॅकिंग पूर्ण खरवडून नवे घालावे आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करीत आवळावेत.

यानंतरच्या चार गोष्टींवर सगळे अवलंबून आहे. पहिली, हवा काढणे. टाकी भरून पंपावरील हवेचा स्क्रू सैल करावा, आणि बुडबुड्यांविना अखंड तेल येऊ लागेपर्यंत वाहू द्यावे. मगच स्क्रू आवळावा. दुसरी, पंपाच्या पुढची नळी भरणे. त्यासाठी त्या दिवशी पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिलिलिटर या हिशेबाने तेल मिसळावे, इंजिन संथ चालवावे आणि पंपाची तार हाताने पूर्ण ओढून धरावी, म्हणजे दट्ट्या पूर्ण फेऱ्याने तेल पुढे ढकलतो. दोन-तीन मिनिटांत नळीतील हवा जाते. धूर येईल, येऊ द्यावा. मिसळलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिनाला दुहेरी संरक्षण मिळते. तिसरी, तारेची जुळणी. कार्बोरेटरची तार आधी ठीक करावी व मग पंपाची. इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुठीच्या स्थितीत पंपाच्या चाकावर कोरलेली खूण तेथील खुंटीसमोर आली पाहिजे. तार मागे पडली तर मोकळ्या रस्त्यावर तेल कमी पडते, पुढे गेली तर प्लग तेलाने भरतो. चौथी, दट्ट्याचा किमान फेरा. यामाहाच्या जुन्या पंपांत तो साधारणपणे ०.२० ते ०.२५ मिलिमीटर असतो. मूठ मिटलेली असताना पात्याच्या फीलर गेजने तो मोजतात आणि पातळ वायसर घालून वा काढून नेमका करतात. घाट उतरताना इंजिनाला जे थेंब मिळतात ते या पाव मिलिमीटरच्या फटीतूनच.

या चार गोष्टींना सारा मिळून तासही लागत नाही. पण त्यांपैकी एकही केलेली बाहेरून दिसत नाही. किक दुरुस्त झाल्याचा पुरावा गिऱ्हाइकाला तेथल्या तेथे मिळतो. पायाखाली तो जाणवतो. पंपातील हवा काढल्याचा पुरावा म्हणजे पुढे काहीही न घडणे, आणि न घडलेल्या गोष्टीचे मोल मागणे मिस्त्रीला अवघड जाते. म्हणून ही सेवा राहून जाते. तीत मिस्त्रीइतकाच गिऱ्हाइकाचाही वाटा असतो. घाई करणारा, तासाची मजुरी देताना कुरकुरणारा मालक अदृश्य कामाचा पहिला बळी देतो.

यास्तव ज्याच्यापाशी अशी गाडी आहे त्याने उजवे झाकण उघडल्याचे कळताच मिस्त्रीला विचारण्याचा प्रश्न एकच आहे : ‘पंपाची हवा काढली का?’ उत्तर होकारार्थी असेल तर त्या कामाची मजुरी वेगळी आणि आनंदाने द्यावी. टाकीतील तेलाची पातळी दर आठवड्याला पाहावी आणि किती पेट्रोलमागे किती तेल उतरले याची नोंद वहीच्या एका पानावर ठेवावी. नेहमीच्या मानाने तेल अचानक कमी उतरू लागले तर ती काटकसर समजून खूश होऊ नये. पंपाकडे काहीतरी बिनसले आहे, अशी ती पूर्वसूचना असते. ज्या बिघाडाला आवाज नाही असे म्हणतात, त्याचा आवाज या नोंदीत ऐकू येतो. तो वेळीच ऐकणाऱ्याला पंप काढून टाकण्याचे कारण उरत नाही, आणि घाटाच्या उतारावर मूठ मिटतानाही त्याचे मन स्वस्थ राहते.